टेपचं दुसरं टोक

अपघाताच्या जागी पोहोचलेल्या पोलिसाला दोन कामं एकदम करायची असतात, आणि ती एकमेकांच्या मुळावर उठलेली असतात. रस्ता मोकळा करायचा, आणि रस्त्यावर काय घडलं ते लिहून ठेवायचं. जखमींना हलवणं मी यात धरत नाही. त्याबद्दल दुमत नसतंच, आणि १०८ची गाडी पुष्कळदा आमच्या आधी आलेली असते. पण त्यानंतर? मागे लांबच लांब रांग लागलेली, एसटीतले प्रवासी उतरून पुढे बघायला आलेले, आणि नियंत्रण कक्षाचं एकच टुमणं, ‘वाहतूक सुरळीत झाली का?’ क्रेन येते, गाड्या कडेला ओढते. कुणीतरी काचा झाडूनं लोटतं, सांडलेल्या डिझेलवर माती टाकतं. अर्ध्या तासात रस्ता वाहता होतो. वरिष्ठ खूश, प्रवासी खूश. आणि तपासही तिथेच संपलेला असतो, कारण ज्याचा तपास करायचा ते झाडूबरोबर गेलेलं असतं.

मी फौजदार म्हणून नोकरीचा मोठा भाग महामार्गालगतच्या ठाण्यांत काढला, त्यातही जास्त पुणे–सोलापूर रस्त्याच्या, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात. खुनाच्या, दरोड्याच्या तपासाला मान असतो. बक्षीस मिळतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. अपघाताचा तपास म्हणजे कागद पूर्ण करणं, असं ठाण्यात सगळेच धरून चालतात. तपासाला नवीन असलेल्या हवालदाराच्या हातात पहिला गुन्हा देतात तो बहुधा अपघाताचाच. ‘हे घे, तीनशे चार अ आहे, सोपं आहे.’ हयगयीनं मृत्यू घडवण्याचं ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १०६ झालं आणि शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून पाचवर गेली. ‘सोपं आहे’ मात्र तसंच राहिलं.

सोपं काय असतं, तर घटनास्थळ पंचनाम्याचा साचा. आमचा पंचनामा वाचला की जमिनीचं खरेदीखत वाचल्यासारखं वाटतं. आधी चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं उसाचं शेत, पश्चिमेस बंद अवस्थेतलं हॉटेल, दक्षिणेस सोलापूरकडे जाणारा रस्ता, उत्तरेस पुण्याकडे जाणारा. यात एक पान जातं. रस्ता किती रुंद, गाडी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यापासून किती आत, याला एखादी ओळ मिळाली तर मिळाली. ‘घटनास्थळी ब्रेक मारल्याच्या खुणा दिसून येतात.’ झालं. किती लांब, कोणत्या चाकाच्या, सरळ की वळलेल्या, याचा पत्ता नाही.

त्या लांबीत गाडीचा वेग दडलेला असतो. हे मला एका मोटार वाहन निरीक्षकांनी, आमच्या भाषेत एमव्हीआय साहेबांनी, रस्त्याच्या कडेला उभं राहून माझ्याच डायरीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. कोरडा डांबरी रस्ता, घर्षणाचा आकडा ०.७ धरायचा. चाकं जाम होऊन गाडी २० मीटर घसरत थांबली असेल तर तिचा वेग ताशी ६०च्या आसपास होता. मी म्हटलं, मग ४० मीटर म्हणजे १२०? ते हसले. ‘८४. खूण दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट होत नाही मॅडम, वर्गमूळ आहे.’ रस्ता ओला असेल, वाळू पसरलेली असेल, तर घर्षणाचा आकडा खाली येतो आणि तेवढ्याच खुणेतून निघणारा वेगही कमी होतो. म्हणून पंचनाम्यात रस्ता कोरडा होता की ओला, हेही यायलाच हवं. आता एबीएसच्या गाड्या आल्या. त्यांची खूण फिकट, तुटक पडते, दुसऱ्या दिवशी दिसतसुद्धा नाही. जे बघायचं ते तेव्हाच.

टक्कर नेमकी कुठे झाली, हा दुसरा प्रश्न. दोघेही चालक म्हणतात, मी माझ्याच बाजूला होतो. जमलेली माणसं काचा दाखवतात. पण काचा पुढे उडतात, पार दहा-पंधरा मीटर. त्यापेक्षा भरवशाची असतात मातीची ढेकळं. गाडीच्या मडगार्डच्या आत आणि पोटाखाली महिनोन्महिने चिखल वाळून बसलेला असतो. धक्का बसला की तो एकदम सुटतो आणि जवळजवळ तिथल्या तिथे पडतो. हा ढिगारा मधल्या पट्ट्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर कुणाची बाजू खरी ते पुष्कळदा ठरतं. झाडू मारणारा माणूस सगळ्यात आधी तोच लोटून टाकतो, कारण ती नुसती माती असते.

मग ठाण्यात फिर्याद. ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...’ फिर्यादी बोलत असतानाच ठाणे अंमलदाराच्या बोटांखालून हे वाक्य बाहेर पडतं. फिर्यादी बहुतेक वेळा मयताचा भाऊ नाहीतर चुलता. तो अपघाताच्या वेळी घरी जेवत होता. भरधाव त्यानं पाहिलेलं नसतं, आम्ही पाहिलेलं नसतं. पण ते फिर्यादीत येतं, तिथून दोषारोपपत्रात जातं आणि तिथून वर. केंद्राच्या २०२२च्या अहवालात देशभरात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेल्याची नोंद आहे आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. दिल्लीत बसून हे वाचणाऱ्याला वाटत असेल की कुणीतरी वेग मोजला. तो आमच्यासारख्या ठाण्यांतून वर गेलेल्या नोंदींचा आकडा आहे. वेगानं माणसं मरतात हे कुणी नाकारत नाही, मीही नाही. पण हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकासाठी दुभाजक फोडून केलेला कट, रात्री न दिसणारी कामाची खोदाई, चुकीच्या उताराचं वळण, यांची नावं त्या वाक्यात बसत नाहीत, म्हणून ती अहवालातही नीट उतरत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८अ आलं. सदोष रस्ता करणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. माझ्या नोकरीत ते लावलेलं मी पाहिलं नाही.

चालक पळून जातो, याचा लोकांना फार राग असतो. पळणारे सगळे बेफिकीर नसतात. ट्रकचा क्लीनर नुसता हाती लागला म्हणून त्याला अर्धमेला केलेला मी पाहिलाय. कायद्यालाही हे ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं १३४ कलम चालकानं जखमीला मदत केलीच पाहिजे असं सांगतं, आणि त्याच वाक्यात जमावाच्या क्षोभाचा अपवादही करतं. जवळच्या ठाण्यात जाऊन उभा राहिला तर तो चालक निम्मा वाचला, असं मी प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याला सांगत आले.

खरी डोकेदुखी बदली ड्रायव्हरची. अपघात केलेला असतो मालकाच्या पोरानं नाहीतर लायसन नसलेल्या भाच्यानं. दुसऱ्या दिवशी मालक एक माणूस घेऊन येतो, ‘मॅडम, ड्रायव्हर हजर करतोय.’ माणूस दाढी करून, खिशात चालू लायसन घेऊन आलेला. सगळं कबूल. अशा वेळी जबाबाच्या आधी त्याचा शर्ट काढून खांदे बघावेत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, पट्टा उजव्या खांद्यावरून खाली डाव्या कमरेकडे जातो. जोराची टक्कर झाली असेल तर वळ उजव्या खांद्यावर हवा. डाव्या खांद्यावर असेल तर तो शेजारी बसला होता, आणि कुठेच नसेल तर बहुधा गाडीतच नव्हता. एका जीपच्या प्रकरणात वळबिळ काही बघावं लागलं नाही. मी त्याला म्हटलं, जरा बसून दाखव. सीट मागे सरकवलेली होती, तशीच. बुटक्या माणसाचे पाय क्लचपर्यंत पोहोचेनात. तो सीटखाली हात घालून खटका शोधायला लागला आणि त्याला तो सापडेना. मालक बाहेर जाऊन फोनवर बोलत उभा राहिला. पुढे टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात चालवणारा कोण ते दिसलंच. २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून गाडी कोणत्या नाक्यावर किती वाजता होती याचा वादच उरला नाही. पळून गेलेली गाडी शोधायलाही त्याचा मोठा उपयोग होतो. रस्त्यावर सापडलेला दिव्याचा तुकडा, त्यावरून गाडीचं मॉडेल, त्या वेळेची नाक्यावरची यादी, आणि मग आसपासची डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं.

गाडी नाहीच सापडली तर? १ एप्रिल २०२२ पासून अशा मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्याआधी मृत्यूला २५ हजार होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे जातो, पैसे वकिलाशिवाय मिळतात, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. या अज्ञानावर जगणारी माणसंही आहेत. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात पोस्टमॉर्टेमच्या आधी क्लेमवाला येऊन उभा असतो. न सापडलेल्या गाडीच्या जागी विमा असलेली एखादी गाडी ‘लावून’ देतो म्हणतो, आणि त्यासाठी खाकीतलाच कुणीतरी हाताशी धरलेला असतो. याबद्दल आमच्या खात्यात मोठ्यानं बोलत नाहीत.

फौजदारी खटल्याचं काय होतं ते सांगायला नको. साक्षीदार उलटतो, पंच फितूर होतात, आरोपी सुटतो. मग एवढी मोजमापं कशाला, असं माझ्या एका वरिष्ठांनी मला विचारलं होतं. आमचा पंचनामा न्यायदंडाधिकाऱ्यांसाठी लिहिलेला असतो, पण तो खरा वाचला जातो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. तिथे संशयाचा फायदा नसतो. कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय, एवढंच बघतात. आणि तिथे एका ओळीची किंमत लाखांत होते.

एक प्रकरण नीट सांगते. गळिताचा हंगाम, जानेवारीची रात्र. एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवर गावाकडे निघालेला ३२ वर्षांचा माणूस उभ्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. रुग्णालयात ‘उपचारापूर्वी मयत’. या भागात हंगामात हे नवीन नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलेलं, चालक पंक्चरवाल्याला शोधायला गेलेला. ट्रॉलीभोवती इशारा म्हणून चार दगड. अंधारात दगड दिसतात कुणाला? आणि गाडी गेल्यावरही ते तिथेच राहतात, पुढच्यासाठी.

ट्रॅक्टरचा चालक आधी ठाण्यात पोहोचला होता. त्याचं म्हणणं, ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, मोटारसायकलवाला भरधाव येऊन धडकला. ते तसंच घेतलं असतं तर फिर्याद झाली असती मयताच्या विरुद्ध, ‘स्वतःच्या मरणास स्वतः कारणीभूत’. आरोपी मयत म्हणून अबेट समरी पाठवायची, फाइल बंद. महिन्यात काम संपतं. मी ठाणे अंमलदाराला फोनवर सांगितलं, त्याचं म्हणणं स्टेशन डायरीला घ्या, आधी पंचनामा होऊ द्या.

जागेवर कारखान्याचा माणूस, चिटबॉय, येऊन थांबला होता. दुसरा ट्रॅक्टर आणलाय, ट्रॉली ओढून नेतो, म्हणाला. ‘मॅडम, ऊस वाळतोय, वजनात घट येते, शेतकऱ्याचं नुकसान.’ त्याचं खोटं नव्हतं. माझ्याबरोबरचा शिपाई वाहतुकीला उभा होता, ढाब्यावरचे दोन पंच थंडीनं कुडकुडत लांब उभे होते. मी टेपचं दुसरं टोक चिटबॉयच्या हातात दिलं. ‘दादा, हे धरा. पांढऱ्या पट्ट्यावर. तुमचाच वेळ वाचेल.’ ट्रॉलीचं उजवं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या आत, म्हणजे रस्त्यावर, एक मीटर दहा सेंटीमीटर. विजेच्या खांबापासूनचं अंतर घेतलं, खांबाचा नंबर लिहिला. ट्रॉलीच्या मागे ऊस हातभर लोंबत होता. तो वर उचलून धरला तेव्हा खाली रिफ्लेक्टर दिसला, धुळीनं माखलेला. टेललॅम्पची वायर ट्रॅक्टरला जोडलेलीच नव्हती, गुंडाळून हुकाला अडकवली होती. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाची खूण सहा मीटर, ट्रॉलीपर्यंत. म्हणजे त्याला ट्रॉली दिसली ती अगदी जवळ आल्यावर. ताशी ५०नं चालणारा माणूस धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते.

मोटारसायकलच्या हेडलाइटची काच फुटली होती, बल्ब शाबूत होता. तो काढून डबीत कापूस घालून ठेवला, सील केला. एमव्हीआय साहेबांनी भिंगातून पाहिला. दिवा पेटलेला असताना दणका बसला तर आतली तापलेली तार ताणून वाकडीतिकडी होते. बंद असेल तर जशीच्या तशी राहते नाहीतर सरळ तुटते. ही तार वेडीवाकडी झाली होती. दिवा चालू होता. आता एलईडी दिवे आले, त्यात तार नाही आणि ही साक्षही नाही.

सकाळी मयताचा मेहुणा आला. पहिलंच वाक्य, ‘मॅडम, दाजी पीत नव्हते. तसलं काही लिहू नका.’ मी म्हटलं, रक्त जाईल तपासणीला, अहवाल येईल तेच लिहीन. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. बऱ्याच महिन्यांनी अहवाल आला, अल्कोहोल नाही. हेल्मेटही नव्हतं. तेही लिहिलं. मेहुण्याला ते आवडलं नाही.

फिर्याद मेहुण्याची घेतली. फौजदारी खटला अपेक्षेप्रमाणे सुटला. ढाब्यावरच्या पोरानं सांगितलं, मॅडमनी कोऱ्या कागदावर सही घेतली. दाव्याचं काम पुढे बरीच वर्षं चाललं. मी तोवर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते, साक्षीला यावं लागलं. विमा कंपनीचे वकील चांगले होते. अंधार होता ना? होता. थंडी होती ना? होती. पंच तर म्हणतात त्यांनी काही पाहिलंच नाही, मग हे एक मीटर दहा तुम्ही एकट्यानंच मोजलं का? टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?

म्हटलं, कारखान्याच्या माणसानं. पंचनाम्यात नाव आहे.

त्यांनी पान उलटून पाहिलं आणि रिफ्लेक्टरकडे वळले.

हिशेब असा होतो. महिना १२ हजार मिळकत, वय चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, म्हणजे १६,८००. घरात बायको, दोन मुलं, आई, चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३२व्या वर्षाला गुणक १६. झाले २४,१९,२००. अबेट समरी गेली असती तर यातलं काय हाती लागलं असतं ते मी पाहिलेल्या दुसऱ्या प्रकरणांवरून सांगू शकते. पुष्कळदा काहीच नाही, नाहीतर तडजोडीत चार-दोन लाख. इथे न्यायाधिकरणानं मयताचा दोष ३० टक्के धरला, ट्रॅक्टरचा ७०. त्या मेहुण्याला हे ३० टक्के आजही अन्यायाचे वाटतात. मला तसं वाटत नाही.

विमा कंपनीचा दुसरा मुद्दा होता की पॉलिसी शेतीच्या कामाची, आणि ट्रॅक्टर भाड्यानं कारखान्याचा ऊस वाहत होता. ट्रॉलीचा तर विमाच नाही. न्यायाधिकरणानं तोही मानला. आदेश झाला, कंपनीनं आधी दावेदारांना पैसे द्यावेत आणि मग ते ट्रॅक्टरच्या मालकाकडून वसूल करावेत.

मालक म्हणजे कुणी मोठा बागायतदार नव्हता. दोन एकरांचा धनी, ट्रॅक्टरवर बँकेचं कर्ज, हंगामात वाहतुकीचा करार करून हप्ते फेडणारा. माझा नंबर शोधून त्यानं फोन केला. आवाज चढलेला नव्हता. ‘मॅडम, त्या रात्री मी तिथं नव्हतोच. ड्रायव्हरनं वायर लावली नाही, आणि घर माझं बसलं.’ तोच चालक नंतर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेला होता. मालकाला उच्च न्यायालयात अपील करता येतं का, एवढंच विचारायचं होतं. मी त्याला सांगितलं, निकालापासून ९० दिवसांत करता येतं, आधी २५ हजार भरावे लागतात, आणि वकिलाकडे जाताना पॉलिसीची मूळ प्रत, कारखान्याचा करार आणि माझा पंचनामा, तिन्ही घेऊन जा. पंचनामा कशाला, त्यानंच तर बुडवलं, तो म्हणाला. त्यात टायर फुटल्याचं लिहिलंय, मी म्हटलं, आणि दगड लावल्याचंही.